झालरीची मिजास

शिंप्याकडे लेस हा शेवटचा प्रश्न असतो. गळा ठरला, बाही ठरली, की तो मान वर न करता विचारतो, "लेस लावायची का?" आपण "राहू द्या" म्हणून मोकळे होतो. मीटरवर मिळणाऱ्या वस्तूचा मान तो केवढा!

चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये मात्र लेसचा थाट काही और होता, आणि तो पुरुषांनाही चालायचा. रिगोने १७०१ साली काढलेलं राजाचं चित्र पाहा. कमरेला तलवार, चेहऱ्यावर दरारा आणि हनुवटीखाली लेसचा धबधबा! आजच्या एखाद्या पुढाऱ्याला असं उभं करून बघा.

ही चैन आधी व्हेनिसहून यायची आणि पैसा तिकडे जायचा. मंत्री कोल्बेरला ते बघवेना. १६६५ मध्ये त्याने राजाश्रयाने देशातच लेसचे कारखाने काढले, व्हेनिसच्या कारागिरणी आणवल्या. नॉर्मंडीतल्या आलाँसों गावच्या बायकांच्या हातात ही कला आधीपासून होतीच. पुढे गावाचं नावच लेसला चिकटलं.

आलाँसोंची लेस सुईने घडते. पण सुईची लेस म्हणजे भरतकाम नव्हे, कारण त्यात कापडच नसतं. चर्मपत्रावर नक्षी टोचून घ्यायची, ते कापडाच्या दुहेरी थरावर टाचायचं. नक्षीच्या रेषेवर धागा बसवायचा आणि मग त्या धाग्याच्या आधाराने अधांतरीच टाके घालत जाळी, पानं, फुलं उभी करायची. कडेला ताठपणा हवा म्हणून आत चक्क घोड्याचा केस. सगळं झालं की कापडाच्या दोन थरांमध्ये पातं घालून धागे कापायचे, की लेस अलगद सुटते. राहिलेले दोरे वेचायचे आणि भरीव भाग घोटायचा तो लॉब्स्टरच्या नांगीने! (आपल्या कोकणातल्या शेवंडीला तसली नांगी नसते, त्यामुळे ती फक्त कालवणातच कामी येते.) राजाच्या गळ्यात जाणाऱ्या नाजूक वस्तूला तबेला आणि मासळीबाजार दोन्ही लागावेत, ही मला यातली सगळ्यात गोड गोष्ट वाटते.

एका चौरस सेंटीमीटरला सात तास लागतात. कसब पुरतं हाती यायला सात ते दहा वर्षं. म्हणून कामं वाटलेली असत. एकीने जाळी धरायची, दुसरीने भरणं. फ्रान्समधली ख्रिस्ती संत, लिझ्यूची तेरेझा, हिची आई झेली एकोणिसाव्या शतकात आलाँसोंमध्ये हाच धंदा करायची. बायकांनी घरी बसून केलेले तुकडे तिच्याकडे यायचे आणि ती ते असे जोडायची की सांधा दिसू नये. धंदा इतका वाढला की नवऱ्याने आपलं घड्याळजीचं दुकान विकून तिला हात दिला.

एवढं मोल असलेली गोष्ट कपड्याबरोबर कशी टाकणार? आपल्याकडे जुन्या साडीचे काठ उतरवून नव्या साडीला लावतात, तशी लेस उसवून पुढच्या पोशाखावर चढायची, मृत्युपत्रातही नोंदली जायची. पोशाख येत-जात राहायचे. खरी मालमत्ता झालरच.

आणि मालमत्ता म्हटली की मानपान आलेच. अठराव्या शतकात आलाँसोंची लेस हिवाळी मानली जायची, तर बॉबिनवर, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या काड्यांवर, विणलेली हलकी लेस उन्हाळी. दोन्हींना भोकंच भोकं, थंडी अडवण्यात दोन्ही सारख्याच निकामी. पण ऋतू पाळायचा म्हणजे पाळायचा.