क्लीनर बाजू

अर्धांगवायूनंतर माणसाची एक बाजू लुळी पडते, हे सगळ्यांना दिसतं. पण काहींच्या लेखी ती बाजूच जगातून नाहीशी होते, आणि हे घरच्यांच्याही लवकर लक्षात येत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर हे जास्त आढळतं. डोळे ठणठणीत असतात, पण डावीकडे लक्षच जात नाही. गोव्यातल्या साखळीकडच्या एक काकी मला त्यांच्या यजमानांबद्दल सांगत होत्या, "मॅडम, ताटातला उजवीकडचा भात, हुमण सगळं संपवतात. डावीकडची भाजी तशीच. मला वाटायचं, रागाने टाकतात."

मी फिजिओथेरपिस्ट. डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या पागेत आम्ही दिव्यांगांना घोडेस्वारी शिकवतो. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही कुशींना हलते. त्यावर बसलेल्या माणसाची कंबरही मग जवळपास तशीच हलते, जशी स्वतःच्या पायांनी चालताना हलली असती. पाय चालत नसतानाही कंबरेला, पाठीला चालण्याची सवय लागत राहते. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला पोलिओमुळे गुडघ्याखाली ताकद नव्हती, घोड्यावर चढा-उतरायला मदत लागायची. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, त्या काकींच्या यजमानांना, काकांनाही सांगितली होती. ते काही बोलले नाहीत.

काका खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर. पिसुर्ल्याहून खनिज भरायचं आणि आमोण्याच्या धक्क्यावर बार्जसाठी ओतायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांना घोड्यावर घेण्याआधी मी न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी मागितली. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तर साधं पडणंही जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय मी कुणालाच बसवत नाही. वजनही बघावं लागतं. खोगिरासकट स्वाराचं ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, हा आमचा दंडक. चांदणी ही आमची म्हातारी, रुंद पाठीची, शांत घोडी. तिच्यासाठी चिऱ्यांचा उतार बांधून घेतलाय, व्हीलचेअर थेट खोगिराच्या उंचीला जाते.

पाऊस सरून मैदान नुकतं वाळलं होतं. पुढे एक मुलगा चांदणीला धरून, उजवीकडे मी आणि डावीकडे घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार. काकांच्या कंबरेला पट्टा, त्याची उजवी मूठ माझ्या हातात. काकांचं सगळं अंग डावीकडे ओघळायचं, तसतसं खोगीरही तिकडे सरकायचं. खोगिराचा तंग पुन्हापुन्हा आवळायचा, पट्टा मी आपल्याकडे ओढून धरायचा, असं चाललेलं. "काका, डावीकडे बघा" म्हणून उपयोग नव्हता. डावीकडच्या खांबाला लाल कापड बांधून ठेवलं होतं, तेही त्यांच्यासाठी नसल्यासारखंच.

मोतद्दार पूर्वी टिपरवर, म्हणजे खाणीच्या ट्रकवर, क्लीनर होता, ड्रायव्हरच्या डावीकडे बसून ती बाजू सांभाळणारा. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा तो घोड्यांकडे आला. वळणावर त्याने खोगिराच्या चामड्यावर तळव्याने दोनदा थाप मारली आणि मोठ्याने म्हणाला, "भाऊ, क्लीनर बाजूला गटार हां! सांभाळून, सांभाळून... जाऊ दे!"

माझं सगळं लक्ष चांदणीच्या कानांकडे. ती बिचकली नाही. काकांची मान मात्र वळली. डावीकडे, किंचित खाली, ट्रकचा डावा आरसा जिथे असतो अगदी तिथे. मानेपाठोपाठ खांदा उचलला गेला, बरगड्या सरळ झाल्या, आणि माझ्या हातातला ताणलेला पट्टा एकदम सैल पडला. काका मधोमध बसले होते, मी ओढून धरलेलं नसताना.

"दिसतंय रे मला," काका मोतद्दारावर खेकसले.

पुढची फेरी मी एक शब्द बोलले नाही. थाप पडली की मान वळत होती. चार-सहा पावलं टिकायचं, मग अंग पुन्हा ओघळायचं, मग पुन्हा थाप. डावीकडून आवाज देऊन, स्पर्श करून लक्ष वेधायचं, ही आमच्या अभ्यासातलीच रीत. पण माझ्या "डावीकडे बघा"ला काकांच्या आयुष्यात काही अर्थ नव्हता. क्लीनरच्या थापेला होता, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर चाक गटारात जायचं. आता नव्या माणसाच्या कागदावर आजाराच्या आधी मी धंदा लिहून घेते. मासळीवाली असो, सुतार असो, त्यांचं अंग कशाला हाक देतं ते तिथेच कळतं.

काकांचा डावा हात अजून उघडत नाही. त्यांच्यासाठी शिडीसारख्या पायऱ्या असलेला लगाम घेतलाय, एका हाताने पायरी-पायरीने आखडता येतो. फेऱ्या आता जास्त डाव्या वळणाच्या घेतो. काकी जेवताना ताटाच्या डाव्या काठावर चमच्याने टकटक करतात आणि म्हणतात, "क्लीनर बाजूचं राहिलं हां." कधी भाजी संपते, कधी राहते.