अर्धं झाड मान टाकतं तेव्हा

ऑगस्टअखेर पुरंदर तालुक्यातल्या पाच गुंठ्यांच्या अ‍ॅस्टरच्या प्लॉटवर गेलो. दसऱ्यासाठी जुलैच्या शेवटी ३० × ३० सेंमीवर लागण केलेली, रोपं महिन्याची, कळी अजून दूर. मावशी म्हणाल्या, "दुपारी माना टाकतात, संध्याकाळी उठतात. म्हणून पाणी वाढवलं." आठ दिवसांत दोन ओळी वाळल्या.

एक झाड पाहिलं आणि तिथंच थांबलो. डावीकडच्या फांद्या पिवळ्या पडून लोंबलेल्या, उजवीकडच्या हिरव्यागार. पाण्याच्या ताणानं सुकलेलं झाड असं अर्धं सुकत नाही. झाड उपटून बुडाशी उभा काप दिला, तर सालीच्या आत तपकिरी रेघा. मुळं मात्र बऱ्यापैकी पांढरी. पाणी साचून मुळं कुजली असती तर ती काळी पडून त्यांची साल बोटानं सुटली असती. हा फ्युजॅरियमचा मर रोग. बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवते, मग वर कितीही पाणी द्या. उलट पाटाच्या पाण्याबरोबर ती ओळीनं पुढं सरकली.

याच वाफ्यात गेल्या वर्षीही अ‍ॅस्टरच होता, आणि उपटलेली झाडं बांधालगतच्या उकिरड्यात टाकली होती. तेच शेणखत यंदा परत वाफ्यात! ही बुरशी मातीत कित्येक वर्षं टिकते.

लागलेलं झाड बरं होत नाही, हे आधीच सांगितलं. रोगट झाडं मुळाभोवतीच्या मातीसकट गोणीत भरून जाळली. त्या ओळींचं पाटपाणी तोडलं. शेजारच्या निरोगी झाडांच्या बुडाशी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला १ ग्रॅम, ओतलं. मावशींनी ट्रायकोडर्माचा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणाऱ्या उपयुक्त बुरशीचा, पुडा आणून ठेवला होता, तो पंधरा दिवस बाजूला ठेवायला लावला. कार्बेन्डाझिम त्यालाही मारतं, पैसे मातीत. युरियाही बंद, कारण नत्राच्या जोरावर वाढलेलं लुसलुशीत झाड याला लवकर बळी पडतं.

पुढच्या वर्षी गादीवाफा नव्या जागी, बियाणंही रोगट प्लॉटमधलं नको. अ‍ॅस्टरची उगवणशक्ती तशीही वर्षभरात घसरते, त्यामुळे जुनं बी राखण्यात फारसा अर्थ नाही.

"मग रिकाम्या ओळी तशाच ठेवायच्या?" मावशींनी विचारलं. हो म्हटलं, यंदा तशाच. ही बुरशी झेंडूलाही धरू शकते. तीन आठवड्यांची झेंडूची तयार रोपं त्याच आठवड्यात दुसऱ्या जागी लावली, दिवाळीच्या हिशेबानं.