इंद्रहार पास: "इतक्या वर साप नसतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

इंद्रहार पास म्हणजे हिमाचलात धरमशाळेच्या वरची, धौलाधार रांगेतली खिंड. आधीच सांगतो, यात वाटेतल्या त्रिउंडचं काही नाहीये. त्रिउंडला गर्दी, मॅगी, संध्याकाळचं ऊन छान, संपलं. मला बोलायचंय ते त्याच्याही वरच्या लाका गोट ते लाहेश केव्ह (मुक्कामाची गुहा) या टप्प्याबद्दल, कारण तिथे माझा तळहात सापावर पडता पडता राहिला आणि घरी येऊन दोन आठवडे झाले तरी उशीखाली हात घालायच्या आधी मी उशी उचलून बघतो.

मॅक्लोडगंजला गाईड ठरवताना मी मुद्दाम विचारलं होतं, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाची सवय. तर म्हणे "सर, इतनी ऊंचाई पे साँप नहीं होता, ठंड में मर जाता है." मला पण पटलं, काय करणार.

सप्टेंबरचा शेवट. लाका गोटनंतर पायवाट अशी नाहीच, नुसते धोंडे, काही फ्रीजएवढे, काही पाय ठेवला की डुलणारे, आणि सॅक पाठीवर घेऊन हातापायांवर चढायचं, बोअर आणि जीवघेणं दोन्ही. साडेनऊच्या सुमाराला ऊन नुकतंच दगडांवर आलं होतं, मी एका सपाट धोंड्यावर हात टेकणार तेवढ्यात तिथला पाचोळा मला पाचोळा वाटेना. करडा-तपकिरी, डोळ्यापासून मागे काळपट पट्टा, वेटोळं करून बसलेला, सरळ केला तर जेमतेम दोन फूट. हलला पण नाही. यांचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो, म्हणून तर धोका, नागासारखा फणा काढून सांगत नाही कोणी.

हिमालयन पिट व्हायपर. आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्या सापाच्या भावकीतला, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये तसाच उष्णता ओळखणारा खड्डा. आणि ठंड में मरणं सोडाच, याची नोंद 4,900 मीटरपर्यंत आहे, इंद्रहार पास 4,342! मादी अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवते, थंडीत तेच सोयीचं, स्वतः उन्हात बसली की झालं. खायला गोम, सरडुल्या, उंदीर. म्हणजे धोंड्यांच्या फटी हेच याचं घर, आणि आपण तिथेच बोटं घालून चढतो.

गाईडने दगड उचलला, मी ओरडलो, साप फटीत गेला. मग गाईडसाहेब म्हणतात "हाँ, ये तो कभी कभी दिखता है." च्यायला!

पुढे जाणाऱ्यांनी एवढं करा. फटीत बघितल्याशिवाय हात नाही, आधी काठी आपटा. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, स्पोर्ट्स शूज नाही. रात्री लघवीला जाताना टॉर्च, सकाळी बूट झटकून. चावलाच तर बहुतेक वेळा प्रचंड दुखणं आणि सूज एवढ्यावर भागतं, पण त्यावर अवलंबून राहू नका. आपल्याकडचं अँटीव्हेनम (सर्पविषावरचं इंजेक्शन) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं, यात हा नाही. तरी हॉस्पिटल हवंच, जवळचं मोठं म्हणजे कांगड्याजवळच्या टांड्याचं मेडिकल कॉलेज, आणि लाहेशहून गाडीरस्त्यापर्यंतच अख्खा दिवस जातो. अंगठ्या काढा, हात-पाय हलवू नका, करकचून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको, उचलून खाली न्या.

पास? पोचलो. पलीकडचा मणिमहेश कैलास पर्वत स्वच्छ दिसला, रडू आलं, पुढे काही लिहीत नाही.

आता पैशांचं. गाईडने टेंटचे दोन रात्रींचे पैसे आधीच घेतले आणि वर गेल्यावर "टेंट नीचे रह गया" म्हणून गुहेत झोपवलं, त्याच धोंड्यांच्या पोटात. पहिल्या रात्री मी सॅकला टेकून बसूनच होतो. खाली येऊन अर्धा तास भांडलो तेव्हा पाचशे परत मिळाले. टेंट स्वतःचा न्या, आणि त्याची चेन पुण्यातच दहादा लावून बघा.