आज्जी पहिल्या रांगेत बसली तो दिवस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असा मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीवर होते. काय लिहू, हा प्रश्न पडला नाही. माझ्या मनात शाळेचा एकच दिवस आहे, ३ जानेवारी १९८६. बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे उभं आहे.

मी आठवीत होते. आमच्या मांगवाड्यातून आठवीच्या वर्गात बसलेली पहिली मुलगी. आबा घायपाताचे दोर वळायचे. दोर वळताना दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो, आणि ते टोक कळायला लागल्यापासून माझ्या हातात असायचं. सातवी झाली तेव्हा आबा म्हणाले, "बास झालं आता." त्यांना शिक्षणाचा राग नव्हता. टोक धरायला माणूस नव्हता, एवढंच. आज्जी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "मी धरते टोक. पोरीला जाऊ दे."

आज्जी गावची सुईण. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्या हातावर जन्मलेली. रात्री-अपरात्री कुणी दाराशी येऊन हाक मारायचं, की ही लुगड्याचा पदर खोचून निघालीच. अडलेली बाई असली तर दोन-दोन रात्री घरी यायची नाही. पोराची नाळ कापायची, वार पडेपर्यंत थांबायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. मग ती निघाली, की तिच्या मागे घरात गोमूत्र शिंपडलं जायचं. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पाचवीला पायलीभर ज्वारी आणि एखादा खण मिळायचा. आणि गावात नळ येईपर्यंत आज्जी विहिरीपासून लांब, कडेला घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. वरून ओतणाऱ्यांतल्या कितीतरी जणी तिच्याच हातावर जन्मलेल्या.

त्या वर्षी आमच्या मराठीच्या बाई नवीन आल्या होत्या. शिरवळहून एसटीने यायच्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं आणि फुलस्केपचे चार कागद हातात दिले. स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलेले. "सावित्रीबाईंच्या जयंतीला हे तू वाचायचं." वर नाव होतं, 'मांग महाराच्या दुःखाविषयी'. खाली, मुक्ता साळवे. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलेला निबंध.

मी कागद परत पुढे केले. "बाई, मला नको. दुसरं काहीतरी द्या." बाकीच्या मुली ओव्या म्हणणार, नाटुकलं करणार, आणि मी सगळ्या गावापुढे कर्ण्यावरून आमच्या जातीचं नाव घ्यायचं? जे नाव वर्गात कुणी दबक्या आवाजात घेतलं तरी माझी मान खाली जायची? मला वाटलं, बाईंनी मला माझ्या जातीमुळे निवडलं. खरंच होतं ते. पण का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. बाईंनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाल्या, "रात्री घरी एकदा मोठ्यानं वाच. मग उद्या सांग."

आमच्या घरात भिंतीवर लहुजी वस्तादांची तसबीर होती. तिच्याखाली चिमणी ठेवून मी वाचायला बसले. वेदांवर फक्त आमचा अधिकार असं ब्राह्मण म्हणतात, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही तर आमचा धर्म तरी कोणता, असं ती मुलगी सरळ देवालाच विचारते. पेशवाईत मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, ते लिहिते. वाचता वाचता माझा आवाज हळूहळू चढत गेला. आबा दोर बाजूला ठेवून ऐकायला लागले.

मग ते वाक्य आलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं. थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांना किती दुःख होत असेल, याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करा.

आज्जी म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. "आणिक एकदा." मी पुन्हा वाचलं. ती बराच वेळ चुलीतल्या निखाऱ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "किती वर्साची हुती म्हनं ती पोरगी?" मी म्हणाले, माझ्याएवढीच असेल. "आन् हे तिनं सोताच्या हातानं लिवलं?" हो म्हणाले. "मग तिची आज्जी बी सुईनच असंल. त्याबिगर पोरीला हे ठावं व्हायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, वाचते.

मग बाईंनी आम्हाला सगळी हकीकत सांगितली, पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा उघडली तेव्हा पटावर सहा मुली होत्या. जोतीराव एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा. वर्षभरात गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी, आणि त्यांच्या घरातल्या फातिमाबाई सावित्रीबाईंबरोबर शिकवायला उभ्या राहिल्या. मांग-महारांची पोरं शाळेत यावीत म्हणून दारोदार फिरले ते गंजपेठेच्या तालमीतले लहुजी वस्ताद आणि त्यांच्या जोडीला राणबा महार. आमच्या भिंतीवरचा पगडीवाला माणूस पोरांना शाळेत घालायला हिंडत होता, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी ते वस्ताद होते, दांडपट्टा शिकवणारे.

मुक्ता त्याच लहुजींच्या घराण्यातली. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकली होती. बक्षीस म्हणून मेजर कॅंडी या इंग्रज अधिकाऱ्याने खाऊ पुढे केला तेव्हा ती म्हणाली, आम्हाला खाऊ नको, वाचनालय द्या, असं सांगतात.

सहलीला बाई आम्हाला नायगावला घेऊन गेल्या. गाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं, पण आमच्यातल्या एकीनेही पाहिलेलं नव्हतं. सकाळी चालत निघालो, भाकरी फडक्यात बांधून. खंडोजी नेवसे पाटलांचं ते घर, जिथं ३ जानेवारी १८३१ला सावित्रीबाई जन्मल्या. दुपारी एका झाडाखाली बसवून बाईंनी सावित्रीबाईंची दोन पत्रं वाचून दाखवली. दोन्ही नायगावहूनच जोतीरावांना लिहिलेली.

पहिलं १० ऑक्टोबर १८५६चं. सावित्रीबाई आजारातून उठण्यासाठी माहेरी आलेल्या. भाऊ म्हणाला, तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे. त्यावर बहिणीने त्याला विचारलं, तू गाईला, शेळीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारखीच माणसं असलेल्या महार-मांगांना का शिवत नाहीस? आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्याकडं पण नागाला दूध पाजतात." पुढे ती काही बोलली नाही. परत येताना मात्र तिने माझ्या तांब्यातलं पाणी मागितलं. आम्ही आठवीपर्यंत एका बाकापलीकडे बसलो होतो आणि ते पाणी तिने पहिल्यांदा मागितलं.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८चं. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम जुळलं. शारजेला सहा महिने गेलेले. गाव दोघांना मारायला ओढून नेत होतं. सावित्रीबाई आडव्या गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला, दोघांना सोडवलं आणि जोतीरावांकडे पाठवून दिलं. पत्रात त्यांनी हे इतकं साधं लिहिलंय, जणू बाजारातून भाजी आणली. मला आजही सावित्रीबाईंच्या धैर्यापेक्षा तो साधेपणा जास्त हलवतो.

मग ३ जानेवारी उजाडला. शाळेपुढच्या मैदानात सतरंज्या अंथरलेल्या, पुढे दोन रांगा खुर्च्या, पाहुण्यांसाठी आणि गावातल्या मोठ्या माणसांसाठी. आज्जी आली होती. फाटकाजवळच्या लिंबाखाली, जमिनीवर. बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. पुढच्या रांगेत दोन-तीन खुर्च्या मोकळ्या होत्या.

माझं नाव पुकारलं गेलं. मी कर्ण्यापुढे उभी राहिले तेव्हा बाई शेजारी नव्हत्या. बघितलं तर त्या लिंबाखाली वाकून आज्जीशी बोलत होत्या. मग त्यांनी आज्जीचा हात धरला आणि सगळ्या मैदानातून चालवत पहिल्या रांगेत आणून बसवलं. आज्जी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पडण्याच्या बेतात. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. तिथले गृहस्थ उठून गेले. बाई त्या खुर्चीवर बसल्या.

मी वाचलं. शीर्षकासकट, मोठ्याने. बाळंतिणीच्या वाक्याशी आले तेव्हा मी कागद बघत नव्हते, पाठ झालं होतं. आज्जीकडे बघून म्हटलं. मागे सतरंजीवर बसलेल्या बायकांमध्ये कुजबूज थांबली. त्यांतल्या किती जणींच्या कळा आज्जीने बघितल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी पाटलीण आज्जीपाशी आली, काही बोलली नाही, तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

पुढचं फार नाही लिहीत. बारावीनंतर पुण्यात नर्सिंगला गेले. पहिल्याच सुट्टीला गंजपेठेत फुलेवाडा बघून आले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं, तो वाडा. मी विहिरीपाशी बराच वेळ उभी होते. आज्जीला आणायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं आणि ते राहूनच गेलं, माझं शिक्षण संपायच्या आत ती गेली.

गेली तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात प्रसूती कक्षात आहे. सावित्रीबाईंचं नाव निघालं की लोक शेणगोळ्यांची गोष्ट सांगतात. खरी आहे आणि सांगितलीही पाहिजे. पण माझ्या मनात त्याहून खोल बसलंय ते १८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृह. फसवल्या गेलेल्या विधवांनी विहीर जवळ करू नये, इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती त्यांनी आणि जोतीरावांनी लावल्या. ३५ ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाल्या. ज्या समाजातून शेण येत होतं, त्याच समाजातल्या लेकींची बाळंतपणं या जोडप्याने आपल्या घरात केली. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईचं मूल दत्तक घेतलं, तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच यशवंतच्या दवाखान्याकडे मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन सावित्रीबाई गेल्या, आणि त्याच आजाराने १० मार्चला त्यांचा अंत झाला. कुवारपणी राहिलेली एखादी पोर तोंड झाकून आमच्याकडे येते, तिची आई बाहेर बाकावर रडत बसते, तेव्हा मी ते घर आठवते. कागदावर नाव लिहिताना मी अशा पोरीला दोनदा विचारत नाही.

आणि मुक्ता आठवते. पावसाळ्यात कुठल्या तरी पाड्यावरून, वस्तीवरून ट्रॅक्टरमध्ये घालून आणलेली बाई चिंब भिजून येते, तेव्हा तर हमखास. १८५५ साली एका मुलीने हे लिहिलं, कारण तिला कुणीतरी अक्षरं दिली आणि मग विचारलं, तू काय पाहिलंस ते लिही. नुसते पाढे घोकून घेतले असते तर तो निबंध झाला नसता. जोतीरावांनी १८८२ साली सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मुलांना किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, रयतेच्या पैशावर वरच्यांचीच पोरं शिकतात असं ठणकावलं. त्या मागणीमागे मुक्तेसारख्या मुलींच्या वह्या त्यांनी पाहिल्या होत्या, असं मला मनापासून वाटतं.

बाईंनी उतरवून दिलेले ते चार कागद माझ्याकडे आहेत. घड्यांवर फाटलेत, मागून चिकटपट्टी लावलीय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, महोत्सवाच्या दिवशी तुम्हीच तो निबंध वाचा. मी नाही म्हटलं. कागद या लेखासोबत पाठवते आहे. आठवीतल्या एखाद्या मुलीला द्या, तिला आधी घरी मोठ्याने वाचू द्या. तिच्या घरातलं जे कुणी ऐकायला येईल त्यांच्यासाठी पुढची एक खुर्ची ठेवा. मी सुट्टी टाकली आहे. मी त्यांच्या शेजारी बसेन.