डोंगरीतले दिवस

गुरुवार, रात्री साडेदहा

आज तास संपल्यावर सँडहर्स्ट रोडला उतरले. तिथे काम काहीच नव्हतं. उमरखाडीच्या निरीक्षणगृहाची, म्हणजे लोकांच्या तोंडी रिमांड होमची, ती जुनी दगडी भिंत पुन्हा एकदा बघायची होती, एवढंच. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत तिथे ठेवतात. आत जायला परवानगी लागते आणि ते बरोबरच आहे. मुलं म्हणजे काही प्रदर्शन नव्हे.

या भिंतीआड १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस होते. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातली ती शिक्षा. तो आकडा शाळेत पाठ केला, त्यावर मी भाषणही केलं होतं. त्याच डोंगरीच्या तुरुंगाचं पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. आणि आत राहून गेलेल्या मुलाच्या दिवसांबद्दल कायदा नेमकं उलट सांगतो: विसरा. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम २४. गुन्हा सिद्ध झाला तरी त्या मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ उलटला की नोंदी नष्ट करायच्या. अपवाद आहे तो १६ वर्षं पूर्ण झालेल्या आणि किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्या मुलाचा. या अपवादावरून वर्गात अर्धा तास वाद झाला. मी अजूनही त्याच्या विरोधातच आहे.

पदवीला माझा मुख्य विषय (मेजर) मानसशास्त्र, जोडविषय (मायनर) बाल न्याय. हा विषय घेतला तेव्हा क्रेडिट पूर्ण होतील एवढाच विचार होता. पहिल्याच आठवड्यात सुनावणीचा सराव करताना मॅडमनी आम्हाला टेबल व्यासपीठावरून खाली घ्यायला लावलं. मुलांवरची गुन्ह्यांची प्रकरणं ऐकणारं बाल न्याय मंडळ उंचावर बसत नाही, तिथे साक्षीदाराचा पिंजरा नसतो, खोली कोर्टासारखी दिसू नये असा नियमच आहे. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. आम्ही खुर्च्या गोल मांडल्या. मला मुलाची भूमिका मिळाली होती. समोरच्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आले तेव्हा बोलणं किती सोपं झालं, ते मी विसरणार नाही.

आणि त्याच तासाला मला आमच्या मजल्यावरचा दादा आठवला. त्याचं नाव आधी लिहिलं होतं, आता खोडलंय. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा काहीही उघड करायला कलम ७४ मनाई करतं. मग ते माझ्या वहीतही नको.

मी दुसरीत होते, तो १६ वर्षांचा. दुकानातला मोबाइल उचलला म्हणून त्याला नेलं. काही महिन्यांनी परत आला तो एकदम गप्प होऊन. त्यानंतर चाळीत कुणाचं काही हरवलं, की सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्या दाराकडे जायच्या. ‘रिमांड होमचा’ हेच त्याचं नाव पडलं. मीही म्हणायचे. सात वर्षांची मी, सगळे म्हणतात म्हणून. पण म्हणायचे.

तेव्हा २००० चा कायदा होता आणि अपात्रता पुसण्याची तरतूद त्यातही होती. म्हणजे कायद्याने त्याला मोकळं केलं होतं. अडवून ठेवलं ते आम्ही, पहिल्या मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांनी. आता कायद्यातला शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं किंवा गुन्हा केलेलं मूल. फार बोजड, जिभेवर बसत नाही. तरी मी तो मुद्दाम पूर्ण उच्चारते, कारण कलम ३ मध्ये स्वच्छ म्हटलंय की मुलाला डाग लागेल असे शब्द वापरू नयेत.

गेल्या गणपतीत दादा मखर बांधायला आला होता. काय शिकतेस विचारलं, तर मी मानसशास्त्र सांगितलं. दुसऱ्या विषयाचं नाव तोंडातून निघेना. बांबूला सुतळी गुंडाळता गुंडाळता त्यानेच सांगितलं, की एका कंपनीत गोदामात कायमची नोकरी होती, पण पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला म्हणून त्याने अर्जच भरला नाही. ‘कशाला उगाच,’ म्हणाला. एकोणतिसाव्या वर्षी तो अजून रोजंदारीवर टेम्पोत माल चढवतो.

आज संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने कलम ७४ चं दुसरं पोटकलम वाचलं. प्रकरण चालू असो वा निकाली निघालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा इतर कशासाठीही पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. दोनदा वाचलं. मशीद बंदर येऊन गेलं, मला कळलंही नाही.

त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ना मंडळात, ना घरी परतताना, ना आमच्यापैकी कुणी.

रविवारी तो त्याच्या आईकडे येतो. कायद्याची प्रत काढून ठेवलीय, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलीय. जिन्यात गाठून आधी दुसऱ्या विषयाचं नाव सांगणार आहे.