बलेनो आरएस: जिनिंगच्या आवारापासून करी स्पीडवेपर्यंतच्या एका वर्षाची नोंद

मागच्या जानेवारीत कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत माझ्या बलेनो आरएसचे ब्रेक पेडल मऊ पडले आणि सहाव्या फेरीत ते जवळजवळ तळाला टेकले. गिअर उतरवत, हळूहळू गाडी पिटमध्ये आणून उभी केली आणि त्या दिवशीचे उरलेले सत्र सोडून दिले. तेव्हापासून या जानेवारीत पुन्हा त्याच ट्रॅकवर जाईपर्यंत गाडीवर जे काम केले, जे मोजले आणि मोजताना जे चुकले, त्याची ही नोंद आहे. छोट्या गाड्या ट्रॅकवर नेणारे आणि मोठ्या शहरापासून लांब राहणारे जे कोणी असतील, त्यांना तिचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

गाडी बहुतेकांना ठाऊक असेल. २०१७ ते २०२० या काळात विकल्या गेलेल्या या मॉडेलमध्ये ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ताकद १०२ पीएस, टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर वजन ९५० किलो आहे. आमच्या गावाजवळच्या जिनिंगच्या काट्यावर, जिथे एरवी कापसाच्या गाड्या तोलल्या जातात, अर्धी टाकी पेट्रोल आणि सगळे सामान भरून ती ९६० किलो भरली. मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून पाहिले तेव्हा आकडा ६०० आला. म्हणजे वजनाचा साडेबासष्ट टक्के भाग पुढच्या दोन टायरवर आहे, आणि वळणे, ओढणे व थांबणे यांतला मोठा वाटाही त्याच दोन टायरना उचलावा लागतो. पुढच्या सगळ्या निर्णयांची मुळे या एका आकड्यात आहेत.

दुसरी मर्यादा अंतराची. मी हिंगणघाट तालुक्यात राहतो. आमच्या शेजारून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळुरू असे करीत सेलमला पोहोचतो आणि तिथून ५४४ क्रमांकाचा रस्ता कोइम्बतूरला जातो. हे अंतर साधारण साडेतेराशे किलोमीटर आहे. ट्रेलर परवडत नाही, त्यामुळे जी गाडी ट्रॅकवर पळवायची तीच चालवत न्यायची आणि तीच चालवत परत आणायची असते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फेरफार करू देत नाही. म्हणून सायलेन्सर, टायरचे माप आणि इंजिन यांना हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवले.

ब्रेकच्या बाबतीत दोष सर्वस्वी माझा होता. ब्रेक ऑइल अडीच वर्षे बदललेले नव्हते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि आपल्याकडचे पावसाळे पाहता दोन-तीन वर्षांत ते कितपत कोरडे राहणार? डॉट ४ प्रतीच्या नव्या, कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. तेच तेल ओले झाले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कॅलिपरजवळ, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाजवळ, तेल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडलवरचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. उष्णता किती असते याचा अंदाज हिशेबाने येतो. चालकासह १,०५० किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ४३७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेत १.३ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापते. हे काम चार डिस्क काही सेकंदांत करतात आणि प्रत्येक फेरीत अनेकदा करतात.

नवे तेल डॉट ५.१ प्रतीचे घेतले. त्याचे किमान आकडे कोरडे असताना २६० आणि ओले असताना १८० अंश आहेत. नावातल्या साम्यामुळे होणारी एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल आहे आणि ते आपल्या गाड्यांत चालत नाही, डॉट ५.१ मात्र ३ आणि ४ प्रमाणेच ग्लायकॉलचे असल्याने चालते. जुने तेल पूर्ण काढून, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून नवे भरले आणि पुढे जास्त उष्णता सोसणारे पॅड बसवले. ब्रेकला वारा देण्यासाठी शेतातली ठिबकची नळी वापरावी असे एका मित्राने सुचवले होते, परंतु ते पॉलिथिलीन असते आणि तापलेल्या डिस्कशेजारी टिकणार नाही, म्हणून ती कल्पना तिथेच सोडली.

खरा वेळ गेला तो चाकांच्या कोनांमध्ये. मागच्या वेळी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गोल होऊन झिजल्या होत्या आणि वळणात स्टीअरिंग कितीही वळवले तरी गाडीचे नाक बाहेरच जात होते. अलाइनमेंटचे यंत्र तालुक्याला आहे, पण प्रत्येक बदलानंतर तिथे जाणे शक्य नाही. म्हणून गवंड्याची साधने वापरली. रिमच्या वरच्या कडेजवळून ओळंबा सोडायचा आणि वरच्या व खालच्या कडेचे दोरीपासूनचे अंतर मोजायचे. १६ इंची रिमच्या कडा माझ्या मोजणीत ४३० मिलिमीटर अंतरावर आहेत, त्यामुळे एक अंश कॅम्बर (उभ्या रेषेपासून चाकाचा कल, वरची कड आत झुकली की उणे) म्हणजे साडेसात मिलिमीटरचा फरक. साध्या पोलादी पट्टीने पाव अंशापर्यंत मोजता येते आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

पहिल्या मोजणीत उजव्या चाकाचा कॅम्बर उणे ०.८ अंश आला आणि डावा जवळजवळ शून्य. एवढा फरक म्हणजे डावीकडचा स्ट्रट (चाकाला वरून धरणारा शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) वाकला असणार, असे मी मनाशी पक्के केले आणि नव्या भागाची किंमतही विचारून ठेवली. शेडच्या दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने मात्र माझी दोरी पाहून एवढेच म्हटले, “भाऊ, फरशी डाव्या अंगानं बसली हाये.” पाण्याची लेव्हल नळी लावून पाहिले तर डाव्या चाकाखालची जमीन उजवीपेक्षा ११ मिलिमीटर खाली होती. दोन चाकांतले अंतर सुमारे दीड मीटर धरले तर हा उतार ०.४२ अंश होतो. तो एका बाजूला मिळवला आणि दुसरीकडे वजा केला की दोन्ही चाके उणे ०.४ वर येतात. गाडी सरळ होती, जमीन तिरकी होती. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, तरीही मोजायला बसलो तेव्हा ते माझ्या लक्षात आले नाही. आता चारही चाकांखाली टाइलचे तुकडे ठेवून, प्रत्येक वेळी लेव्हल नळीने पातळी मिळवून मगच ओळंबा सोडतो. ज्यांची शेड काळ्या मातीवर आहे त्यांनी हे काम एकदाही टाळू नये.

या गाडीच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला कॅम्बर बदलण्याची सोय मुळात नसते. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी एका अंगाला फुगीर असलेला कॅम्बर बोल्ट घातला आणि दोन्ही बाजूंना उणे १.६ अंश मिळवले. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते) हलतोच, म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून टो शून्यावर आणला. थोडा टो बाहेर ठेवला असता तर गाडी वळणात अधिक चपळ झाली असती, पण साडेतेराशे किलोमीटर सरळ रस्त्यावर सतत स्टीअरिंग सावरत बसणे मला मान्य नव्हते.

चाचणीसाठी जागा मिळाली ती त्याच जिनिंगच्या आवारात. कापसाचा हंगाम संपला की तिथले काँक्रीटचे मोठे मैदान रिकामे पडते आणि मालकांनी ते आनंदाने वापरू दिले. सार्वजनिक रस्त्यावर अशी चाचणी मी करीत नाही आणि कोणी करू नये. मे महिन्यात पहाटे सहाच्या सुमारास, जमीन तापण्याआधी, सरकी आणि धूळ झाडून घेतली आणि फक्कीने १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. पुतण्या घड्याळ धरीत होता. हाताने वेळ घेताना दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, म्हणून एकेक फेरी न मोजता दहा फेऱ्यांचा एकूण वेळ घेऊन दहाने भागला, आणि हेच उजव्या व डाव्या दोन्ही दिशांना केले. डावीकडे वळताना गाडी किंचित हळू होती. चालक उजवीकडे बसत असल्याने त्या वळणात बाहेरच्या चाकांवर आणखी भार येतो, असे मला वाटते.

मूळ स्थितीत सरासरी फेरी ८.९ सेकंदांची होती, म्हणजे आडवी पकड ०.७६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण). केवळ कॅम्बर आणि टो बदलल्यावर, त्याच जुन्या टायरवर, ती ८.७ सेकंदांवर आली, म्हणजे ०.८० जी. त्यानंतर त्याच १९५/५५ आर १६ मापाचे पण अधिक मऊ रबराचे टायर लावले तेव्हा ८.५ सेकंद, म्हणजे साधारण ०.८४ जी. पकडीतली निम्मी वाढ दोन बोल्टांनी आणि गवंड्याच्या दोरीने दिली आहे. ज्यांना पहिला खर्च कुठे करावा हे विचारायचे असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून स्पष्ट उत्तर नाही. टायरचे तापमानही हेच सांगत होते. आधी बाहेरची कड ८४ आणि आतली ६६ अंश होती. जुन्याच टायरवर कॅम्बर बदलल्यावर ती ७६ आणि ७१ झाली. इन्फ्रारेड तापमापक फक्त पृष्ठभाग मोजतो, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापुरतेच धरावेत. चकाकत्या डिस्कवर तर तो खऱ्यापेक्षा कमीच दाखवतो.

इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याच्या नोंदी बदलून घ्या, असा सल्ला अनेकांनी दिला. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना, बाजारातून हळू चालवत आणताना गाडीच्या संगणकाला जोडलेल्या ओबीडी स्कॅनरवर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान ७० अंश दिसले. दाब सारखा असेल तर ३० अंशांच्या हवेपेक्षा ७० अंशांची हवा सुमारे १२ टक्के विरळ असते, आणि ठिणगीची वेळ मागे घेऊन ईसीयू इंजिनाला जपतो ते वेगळेच. अशा हवेत टर्बोकडून आणखी बूस्ट (हवेचा दाब) मागणे मला योग्य वाटले नाही. वर्षातले अकरा महिने गाडी इथेच राहते.

या जानेवारीत अनंतपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोइम्बतूर गाठले. फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या गाड्यांची रचना करणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव असलेला हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणांचा आहे. आमच्यासारख्या कमी ताकदीच्या गाड्यांना तो मनापासून मानवतो. हवेचा दाब गावी न भरता तिथेच सकाळी, थंड टायरवर, २८ पीएसआय ठेवला. हिशेबाप्रमाणे टायरमधली हवा ३० वरून ७० अंशांवर गेली की हा दाब साडेतेहतीसच्या पुढे जायला हवा. पहिल्या सत्रानंतर मोजला तेव्हा तो पुढे ३४ आणि मागे ३१ निघाला. टायरच्या खांद्यावर खडूने ओढलेल्या रेघा त्रिकोणी खुणेच्या अलीकडेच पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे टायर कडेवर जास्त कलंडत नव्हता, त्यामुळे दाबाला पुन्हा हात लावला नाही. पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या फेऱ्या नवे पॅड डिस्कशी रुळवण्यासाठीच खर्च केल्या: वेग वाढवायचा, जोरात पण पूर्ण न थांबता ब्रेक मारायचा, मग एक फेरी शांतपणे निववायचे.

मागच्या वर्षीची माझी सर्वोत्तम फेरी १ मिनिट २९.४ सेकंदांची होती आणि पाचव्या फेरीपर्यंत ती १ मिनिट ३४ च्या पुढे घसरली होती. या वेळी सर्वोत्तम १ मिनिट २७.१ आणि तिसऱ्या सत्रातल्या सलग सहा फेऱ्या एका सेकंदाच्या आत. दोन सेकंदांपेक्षा मला या सहा फेऱ्यांचे मोल अधिक वाटते, कारण सहाव्या फेरीतही पेडल पहिल्या फेरीच्याच उंचीवर होते. निववण्याच्या फेरीनंतर पुढच्या डिस्कवर २६५ आणि मागच्यांवर १५० अंश दिसले. परतीच्या प्रवासाआधी चाकांचे नट, इंजिन ऑइलची पातळी आणि पॅडची जाडी तपासली. पॅड एका दिवसात साधारण पाव भाग झिजले आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी सुटा जोड सोबत न्यावाच लागेल.

शिल्लक काम मागच्या बाजूचे आहे. तिथे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा एकच आडवा भाग) असल्याने कोन सहज बदलता येत नाहीत, पण दोऱ्या लावून पाहिल्या तेव्हा मागच्या उजव्या चाकाचा टो डाव्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त आत निघाला. वर्तुळातल्या डाव्या-उजव्या फरकात त्याचाही वाटा असू शकतो. हबखाली पातळ शिम (धातूची पट्टी) घालून तो बरोबर करायचा आहे आणि मग पुन्हा दोन्ही दिशांना दहा-दहा फेऱ्या. सध्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग आहे. मैदान एप्रिलमध्ये मोकळे होईल, तोवर शिम तयार करून घेतो.