शिकागो : पहिली अणुभट्टी पेटली तिथे आणि पुरली तिथे

शिकागोला जाणार असाल तर एक अख्खा दिवस या दोन जागांसाठी ठेवा.

सकाळी मेट्राच्या लोकलने हाइड पार्कला उतरलो. विद्यापीठाच्या आवारात, एलिस अव्हेन्यूवर, हेन्री मूर यांचं ‘न्यूक्लियर एनर्जी’ हे ब्राँझचं शिल्प उघड्यावर उभं आहे. तिकीट नाही. २ डिसेंबर १९४२ ला इथेच, तेव्हाच्या स्टेडियमच्या स्टँडखाली, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून अणुभट्टी उभारली आणि पहिली नियंत्रित साखळी अभिक्रिया (एक अणू फुटला की त्यामुळे पुढचे फुटत जाणं) घडवली. बरोबर २५ वर्षांनी शिल्पाचं अनावरण झालं. लांबून अणुस्फोटाचा ढग दिसतो, जवळ गेलं की कवटी. एका बाजूने पाहून परत फिरू नका. सावकाश प्रदक्षिणा घाला. याच शिल्पाची छोटी आवृत्ती हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात आहे, हे कळल्यावर मी पुन्हा एक फेरी मारली.

दुपारी गाडी भाड्याने घेऊन नैऋत्येला रेड गेट वुड्स गाठलं. ती भट्टी १९४३ मध्ये या जंगलात पुन्हा उभारली आणि पुढे इथेच पुरली. तिथे एक दगड आहे. शिवाय ‘प्लॉट एम’ म्हणून वेगळी जागा आहे, किरणोत्सारी कचरा पुरलेली. तिथल्या दगडावर कोरलंय : सावधान, खणू नका. आणि शेवटची ओळ : भेट देणाऱ्यांना धोका नाही.

मी त्या दगडापाशी बराच वेळ बसलो. आपल्या कोकणातले गधेगाळ आठवले. दानाची जमीन कुणी बळकावू नये म्हणून कोरलेले ते शिलालेख. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर. आणि खाली शापाचं चित्र, अक्षरं न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. हजार वर्षांनी त्यांची भाषा अभ्यासकांकडून समजून घ्यावी लागते, चित्र मात्र अजून बोलतं. अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सारी प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला सुमारे २४,००० वर्षं लागतात. इथे मात्र नुसती इंग्रजी अक्षरं, आणि तारीख १९७८ ची. कलावंतांची गरज मूरच्या शिल्पापेक्षा या दगडाला जास्त आहे, असं मला फार वाटलं.

जंगलात आत फिरायला दोन-अडीच तास धरा. नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या; मी वाट चुकून अर्धा तास घालवला. उन्हाळ्यात गोचिडी असतात, पायभर पँट घाला. पाणी सोबत न्या आणि सूर्यास्ताआधी बाहेर पडा.